मदत हवी आहे : आजोबांच्या डब्यातली नाणी आणि नोटा, नेमकं कोणाला दाखवू?

पाटीपेन्सिल :

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय.

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना माळ्यावरून आजोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आला. तो तिथे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. लक्ष्मीपूजनाला आई त्यातले चार-पाच चांदीचे रुपये काढायची, चिंच लावून लखलखीत घासायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. पण अख्खा डबा चटईवर उपडा केला तो आम्ही तिघा भावंडांनी पहिल्यांदाच.

आजोबा ट्रामवर कंडक्टर होते. मुंबईतली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली, तोपर्यंत त्यांच्या कातडी पिशवीत काही वेगळं नाणं आलं की स्वतःच्या खिशातले तेवढे पैसे त्यात टाकून ते घरी आणायचे. आजी म्हणायची, लोकांचे नवरे पगार आणतात, आमचे चिल्लर आणतात.

तर डब्यात आहे ते असं. चांदीचे रुपये 14. त्यात व्हिक्टोरिया राणीचे चार (तिन्हीसांजेला वाचलेली सालं, चूकभूल देणेघेणे : एकावर 1862 नक्की), एक 1911 चा, बाकी पंचम आणि सहाव्या जॉर्जचे, शेवटचा 1945. दोरीत ओवलेले भोकाचे पैसे, एक जाड माळच. चवल्या-पावल्या बऱ्याच. तांब्याचं एक जाडजूड नाणं : एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818. नोटांमध्ये जॉर्जचं चित्र असलेली दहाची, टाचणीची भोकं पडलेली. 1940 ची एक रुपयाची. ट्रॅक्टरवाल्या पाचाच्या दोन. आणि बाबांनी कधीतरी कोंबलेल्या, 2016 ला बंद झालेल्या पाचशेच्या सहा.

आता गळ्याशी आलंय ते सांगते. पुतण्याने कुठलासा व्हिडिओ पाहिला, ट्रॅक्टरच्या नोटेला पाच लाख मिळतात म्हणे. त्याने त्या नंबरवर फोटो पाठवले. लगेच फोन आला, रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं 'प्रमाणपत्र' आलं, नोंदणी फी म्हणून याने 1,150 रुपये भरलेसुद्धा. आता ते 12,400 रुपये जीएसटी मागताहेत. दादा म्हणतो, पाच लाखांपुढे बारा हजार काय, भरून टाक. धाकटा म्हणतो, सगळं झवेरी बाजारात नेऊन चांदीच्या भावात मोडू आणि तीन वाटे करू. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काय ते मला सांगता येत नाही, आणि या घरात सांगता न येणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. कोणाला दाखवू? फसवणूक कशी टाळू?

बोरिवली लोकल :

ताई, आधी बारा हजार थांबवा. बाकी सगळं नंतर.

खुर्दा :

वरच्यांशी सहमत. रिझर्व्ह बँक जुनी नाणी-नोटा विकत घेत नाही आणि त्यासाठी कोणाला फी किंवा कमिशन घ्यायचा अधिकारही देत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये बँकेने नेमक्या याच प्रकाराबद्दल लोकांना सावध केलं होतं : आमचं नाव वापरून कर आणि शुल्क मागतात, भरू नका. पुतण्याला म्हणावं 1930 वर फोन करून सायबर तक्रार नोंदव, 1,150 का असेनात. आणि साधा हिशोब करा. घेणारा पैसे देतो. इथे घेणाराच पैसे मागतोय. ट्रॅक्टरची नोट तर अजून चलनात आहे, तिचे पाच रुपये कोणीही देईल.

आता रुपयांकडे. राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. जुनी माणसं 'रुपयाभार' म्हणतात ते यावरूनच. गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर एकेक ठेवा, वजनं वहीत लिहा. झिजलेला थोडा कमी भरेल, पण दहा-साडेदहाच भरला तर संशय घ्या. लोहचुंबक लावा, चांदी चिकटत नाही. कडेवरच्या रेघा भिंगातून बघा. ओतीव नकलेत त्या बोथट असतात आणि कधी कधी सांध्याची रेघ दिसते.

धाकट्या भावाला एवढं नक्की सांगा की सगळी चांदी सारखी नाही. जुन्या रुपयात शंभरात साडेएक्याण्णव भाग चांदी असायची, 1940 पासून निम्मीच. 1945 चा रुपया आणि राणीचा रुपया एका भावात मोडणारा सराफ भेटला तर तो भला माणूस नसून घाईत आहे असं समजा.

1862 वाला मात्र बाजूला काढा. ते साल 1874 पर्यंत तसंच छापत राहिले, आणि आपल्या मुंबईच्या टांकसाळीने त्याच्या आसपास बारीक ठिपके देऊन फरक केला. ठिपक्यांच्या संख्येवर आणि जागेवर किंमत बदलते. दहापट भिंग घ्या, तिरका उजेड पाडा आणि मोजा.

1911 च्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती बघा. सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोंबाबोंब झाली, नाणी परत घ्यावी लागली, 1912 पासून हत्ती नीट कोरला. परत घेतली तरी बरीच लोकांकडे राहिली, त्यामुळे लाखांची स्वप्नं नकोत, पण चांदीच्या भावात द्यायचं नाणंही नव्हे.

आणि हात जोडून विनंती : चिंच बंद. राख, टूथपेस्ट, सगळंच बंद. तो काळपटपणा हेच नाण्याचं वय. आईंनी घासलेली चार-पाच असतील त्यांची किंमत गेली ती गेली, त्यांना पूजेला राहू द्या.

ढब्बू :

राम दरबारवाल्या 1818 चं मी सांगतो, कारण मीही त्यात पोळलोय, चोर बाजारात मटण स्ट्रीटवर, वय वर्षं 19. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी आली तीच 1835 ला. ही देवळांबाहेर विकली जाणारी पदकं. हे नाणं चमत्काराने तांदूळ स्वतःकडे ओढतं वगैरे म्हणून कोणी लाखात मागेल, तिथून चपला घालून निघा. देव्हाऱ्यात छान दिसतं.

नोटांचं आता. दहाच्या नोटेवरची सही वाचा. सी. डी. देशमुख असेल तर ती आपल्या चिंतामणरावांची : रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943 ते 1949. मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारे तेच. मराठी घरांतून ही नोट जपलेली बरीच दिसते, म्हणून दुर्मीळ नाही, पण मागणी कायम. टाचणीच्या भोकांचं वाईट वाटून घेऊ नका, बँका तेव्हा गड्ड्यांना टाचण्या मारत. 1940 च्या एक रुपयावर गव्हर्नर सापडणार नाही, कारण एकची नोट रिझर्व्ह बँकेची नसतेच, सरकारची असते. तिच्यावर सरकारचे तेव्हाचे वित्त सचिव सी. ई. जोन्स यांची सही असेल.

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. स्टेशनबाहेर मिळणारे मऊ प्लॅस्टिकचे अल्बम नकोत, वर्षा-दोन वर्षांत नाण्याला हिरवट चिकटा धरतो. पाचशेच्या सहा नोटांची भीती नको. 2017 च्या कायद्याने दहापर्यंत ठेवता येतात, संग्रह किंवा अभ्यासासाठी पंचवीस. दादांचे कोणी दुबईत वगैरे असतील तर तिकडे काही पाठवू नका : शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

कोणाला दाखवू, याचं उत्तर : लगेच कोणालाही नाही. आधी एका दुपारी फोर्टात सर पी. एम. रोडवर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे तिथे जा. ते किंमत सांगत नाहीत, पण आपल्याकडे काय आहे ते डोळ्यांना कळतं. मग लिलाव करणाऱ्यांचे जुने कॅटलॉग नेटवर असतात, त्यात नाणं कितीला सुटलं ते बघा. मागितलेली किंमत बघू नका. मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एकाच छपराखाली चार व्यापाऱ्यांना विचारा. डबा नेऊ नका, फोटो आणि दोन नाणी न्या. 'ठेवून जा, बघून सांगतो' म्हणाला की उठा.

पाटीपेन्सिल :

सर्वांचे मनापासून आभार. उशीर झाला, सामान अजून खोक्यांत आहे.

बारा हजार भरले नाहीत. पुतण्याने 1930 वर तक्रार केली, त्या नंबरवरून दोन दिवस धमक्या आल्या, मग बंद. दादा माझ्याशी बोलत नव्हता, पण खुर्दा यांचं 'इथे घेणाराच पैसे मागतोय' हे वाचून दाखवलं तेव्हा उठून चहा टाकायला गेला.

चौदापैकी तेरा रुपये 11.4 ते 11.65 मध्ये भरले. एक 9.8, तो राणीचा. सोनार नुसता हसला. सही देशमुखांचीच आहे. हत्तीची सोंड मात्र आम्हाला तिघांना तीन प्रकारची दिसते.

1862 वर आकड्याखाली एक ठिपका स्पष्ट आहे. शेजारी दुसरा आहे की आईच्या चिंचेने अर्धवट पुसलेला डाग, ते भिंगातूनही ठरत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, मला काय माहीत, मी स्वच्छ करत होते.

शेवटचा एक प्रश्न. भोकाच्या पैशांची ती माळ. दादा म्हणतो दोरी कापून वाटून घेऊ. चालेल ना?

खुर्दा :

बाजारात त्यांना फार काही नाही, 1943 ते 47 मधले ढिगाने मिळतात. पण कापायच्या आधी मोजा बरं एकदा. किती आहेत?

पाटीपेन्सिल :

मोजले. दोनदा मोजले. 64.

खुर्दा :

जुन्या हिशोबाने चौसष्ट पैसे म्हणजे एक रुपया. कंडक्टर माणूस, ताई. मोजूनच ओवलेत.

बोरिवली लोकल :

चौसष्टला तिनाने भाग जात नाही. दादांना सांगा.