अस्वलाला चर्च दाखवताना

प्रवासात सोबत नेऊन जागोजागी फोटो काढायच्या खेळण्यातल्या अस्वलाला चर्चच्या वेदीवर बसवून फोटो काढू का, असं विचारलंत. नका काढू. ती उपासनेची जागा आहे, आणि खरं सांगायचं तर फोटोही सपाट येतो.

त्यापेक्षा फाटकापासून सुरुवात करा. इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या चर्चांना बऱ्याचदा छप्पर असलेलं फाटक असतं, त्याला लिचगेट म्हणतात. अंत्ययात्रा तिथे थांबायची आणि पाद्री तिथेच शवपेटीला सामोरा यायचा. आत बाक असेल तर स्वारीला खुशाल टेकवा. आवारात बऱ्याचदा यू नावाचं सदाहरित झाड दिसेल. फळं लालचुटूक, पण बी विषारी, तेव्हा पोरांवर लक्ष ठेवा.

जमलं तर एसेक्समधलं ग्रीनस्टेडचं चर्च बघाच. ओकचे उभे ओंडके एकाला एक लावून केलेल्या भिंती, 11व्या शतकाच्या आसपासच्या! अस्वल शेजारी धरलंत की लाकडातल्या भेगा केवढ्या ते फोटोत कळतं.

थडग्यांवर मात्र बसवू नका. अक्षरं वाचायला दगडफूल खरवडूही नका, तिरपं ऊन पडलं की ती आपोआप उठून दिसतात. आणि आत जाण्याआधी पायांचा चिखल झटका, त्याच्याही आणि तुमच्याही.