अनुभव धागा: डिस्टोपियन चित्रपटांतील आशा आणि निराशा

डिस्टोपियन, म्हणजे कोलमडलेल्या किंवा दडपलेल्या समाजाचे भयावह चित्र रंगवणारे चित्रपट पाहून मन खचले, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तरीही आपण त्यांच्याकडे पुन्हा का वळतो, हे सांगणारे थोडे. नाशिकमध्ये आम्ही काही मंडळी दर महिन्याला एकाच्या घरी जमून असे चित्रपट पाहतो आणि नंतर चहाच्या वेळी आशा नेमकी कोठे दिसली, हा प्रश्न हमखास निघतो. माझ्या मते तिचा गोड शेवटाशी फारसा संबंध नसतो. काही मिळण्याची खात्री नसताना पात्राने केलेल्या कृतीत ती असते. आपला अनुभव एखाद्या प्रसंगाला धरून लिहावा, ही विनंती.

गंगापूर रोड, प्रसूतिकक्षातील परिचारिका

आल्फोन्सो क्युआरोन यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ (2006) मध्ये 2027 सालचे इंग्लंड आहे आणि जगात 18 वर्षे एकही मूल जन्मलेले नाही. ओस पडलेल्या शाळेत मिरियम ही सुईण सांगते, की आधी आपोआप होणारे गर्भपात वाढले आणि मग पुढल्या महिन्यांच्या नोंदी कोऱ्या राहू लागल्या. तेथे मी चित्रपट थांबवला, कारण आमच्या नोंदवहीचे पान भरलेले असते, याबद्दल मी आजवर केवळ त्रागाच केला होता. पुढे वेढलेल्या इमारतीतून तान्ह्या मुलीला घेऊन आई बाहेर पडते, तेव्हा सैनिक गोळीबार थांबवतात, काही जण गुडघे टेकतात, आणि थोड्याच वेळात स्फोट होऊन लढाई पुन्हा पेटते. ती शांतता आणखी लांबवली असती, तर मला पटली नसती. आमच्याकडेही बाळाच्या पहिल्या टाहोने सगळ्यांचे हात क्षणभर थांबतात आणि लगेच शेजारच्या खाटेवरून हाक येते.

सिडको

मला निराशेबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची आहे. टेरी गिलियम यांच्या ‘ब्राझील’ (1985) मध्ये छपाईयंत्रात माशी पडते, अटकेच्या कागदावर टटलच्या जागी बटल असे नाव उमटते आणि एका निरपराध माणसाचा जीव जातो. एका कार्यालयाच्या कागदांवर माझ्या वडिलांच्या नावातील एक वेलांटी चुकली होती. आपण तेच आहोत हे सिद्ध करण्यात त्यांच्या निवृत्तीची पहिली दोन वर्षे गेली. शेवटी नायक सुटून हिरव्यागार प्रदेशात पोहोचल्याचे दिसते आणि मग कळते, की तो अजून छळाच्या खुर्चीतच आहे. अमेरिकेतील स्टुडिओला येथे सुखान्त हवा होता, त्याविरुद्ध गिलियम झगडले. ते नमले असते, तर आमच्या नातेवाइकांसारखे त्यांनीही ‘शेवटी झाले ना काम!’ म्हणून ती दोन वर्षे पुसून टाकली, असे मला वाटले असते.

निफाड तालुका, द्राक्षबागायतदार

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (2015) मध्ये फ्युरिओसा ज्या हिरव्या भूमीच्या ओढीने धावते, तिची दलदल झाल्याचे कळताच ती वाळूत गुडघ्यांवर कोसळते. गारपिटीत काढणीला आलेले घड चिखलात पडले, तेव्हा मी बांधावर बसून राहिलो होतो; तो दिवस आठवला. परंतु तेथेच एक म्हातारी पिशवीत बियाणे जपून असते, संधी मिळेल तेथे एकेक लावते, एकही रुजत नाही, तरी लावते. नंतर 160 दिवस मिठाच्या मैदानातून पुढे जाण्याऐवजी ते सगळे जेथे पाणी आहे, तिकडे मागे फिरतात. त्या वर्षी एप्रिलमध्ये कर्ज डोक्यावर आणि वेलींवर जखमा असताना मी खरड छाटणी, म्हणजे पुढच्या हंगामासाठी वेली मागे छाटण्याचे काम केले. चित्रपटातील ती म्हातारी लढाईत मरण पावते आणि पिशवी एका तरुण मुलीकडे येते, तो प्रसंग मी मुलाला मुद्दाम पुन्हा दाखवला.

पंचवटी, छायाचित्रकार

ख्रिस मार्कर यांचा ‘ला जेते’ (1962) सुमारे 28 मिनिटांचा आहे आणि तिसऱ्या महायुद्धानंतर जमिनीखाली जगणाऱ्या माणसांची ही गोष्ट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांतून सांगितली आहे. एकदाच, झोपेतून जागी होणारी स्त्री डोळे उघडते आणि तेवढ्यापुरते चित्र हलते. गोदावरीला पूर आला, की आम्ही पुराची पातळी दाखवणाऱ्या, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर नजर लावून उभे असतो. पाणी कमरेवरून छातीवर चढते, तेथेच थबकते आणि बऱ्याच वेळाने मूर्तीवर एक ओली रेघ उघडी पडते. त्या पापण्या हलल्या, तेव्हा मला ती रेघ दिसली.