इटालियन ग्रेहाउंड घ्यावा का? नाशिकमधील फ्लॅट आणि घरात आठ वर्षांचा मुलगा

गंगापूररोडकर

नमस्कार. आम्ही गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि आठ वर्षांचा मुलगा आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ओढ घेणारा मोठा कुत्रा आम्हाला झेपणार नाही. सासूबाईंना दमा असल्यामुळे फार केसाळ कुत्राही नको आहे. बराच विचार करून आम्ही इटालियन ग्रेहाउंडपर्यंत आलो आहोत, मिनिएचर पिन्शर हा दुसरा पर्याय आहे. इटालियन ग्रेहाउंडचे पाय फार नाजूक असतात हे खरे आहे का, नाशिकची थंडी त्याला सोसेल का आणि दुपारी दोन-तीन तास तो एकटा राहू शकेल का, हे ज्यांनी तो पाळला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

इंदिरानगरची आई

आमच्याकडे सहा वर्षांपासून इटालियन ग्रेहाउंड मादी आहे. खांद्यापाशी उंची 32 ते 38 सेंटिमीटर आणि वजन जास्तीत जास्त 5 किलो, असे या जातीचे प्रमाण आहे. हा कुत्रा उंचीच्या मानाने हलका असतो, पण उडी मारून उतरताना त्याचा बहुतेक भार पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पुढच्या पायांवर येतो, म्हणून पायांबद्दल तुम्ही जे ऐकले ते खरे आहे.

आमची मादी दहा महिन्यांची असताना दाराची बेल वाजली आणि तिने सोफ्याच्या हातावरून थेट टाईल्सवर उडी घेतली. काडी मोडावी तसा आवाज आला. त्यानंतरचे तिचे ओरडणे मला अजून आठवते. उजव्या पुढच्या पायाची, मनगटाच्या थोडी वरची, दोन्ही हाडे मोडली होती. पहिल्या दवाखान्यात नुसते प्लास्टर घातले आणि पाच आठवडे गेले तरी हाड जुळले नाही. या छोट्या जातींमध्ये त्या जागी रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे बहुतेक वेळा प्लेट बसवावी लागते, हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले. तोपर्यंत त्या जिवाने विनाकारण सोसले होते. ही चूक तुमच्याकडून होऊ नये एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

शस्त्रक्रियेनंतर आम्ही सोफ्याला आणि पलंगाला उताराची फळी लावली, हॉलभर रबरी पाठीच्या सतरंज्या अंथरल्या आणि मुलीला एकच नियम घालून दिला: कुत्रीला उभ्याने उचलायचे नाही, जमिनीवर बसायचे आणि तिला आपणहून मांडीवर येऊ द्यायचे. तुमचा मुलगा हा नियम पाळेल याची खात्री असेल तरच पुढे जा. पहिली दीड-दोन वर्षे सर्वांत धोक्याची असतात.

थंडीचे म्हणाल, तर अंगावर चरबी नाही आणि केसांचा थर एकेरी, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की ती स्वेटर घालूनही गोधडीत शिरते आणि फक्त नाक बाहेर ठेवते. पावसात बाहेर जायला ती साफ नकार देते. शी-शूची सवय लागायला आम्हाला वर्ष लागले आणि गच्चीत छपराखाली सोय करावी लागली. एकटे राहण्याची सवय पिल्लूपणापासून दहा-दहा मिनिटांनी वाढवत लावली तर तीन तास निभतात, पण ही जात माणसाला फार चिकटून राहते. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने मृत्यूनंतर आपल्याला आपल्या इटालियन ग्रेहाउंडांशेजारी पुरावे अशी इच्छा व्यक्त केली होती आणि ती 1991 साली पॉट्सडॅममध्ये पूर्ण झाली. या जातीसोबत राहिलेल्या माणसाला त्याचे नवल वाटत नाही.

पट्टा कधीही सोडू नका. खार दिसली की ती हाकेला दाद देत नाही. मानेपेक्षा डोके फारसे रुंद नसल्यामुळे साधा पट्टा डोक्यावरून सहज निसटतो, म्हणून मार्टिंगेल पट्टा (ओढला की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा) किंवा अंगाला नीट बसणारा हार्नेस वापरा.

निवृत्त पशुवैद्य, सिडको

वरील माहिती योग्य आहे. दोन-तीन गोष्टी जोडतो.

दम्याचा त्रास केसांच्या लांबीवर ठरत नाही. तो कुत्र्याच्या त्वचेच्या कोंड्यातून आणि लाळेतून होतो, आणि या दोन्ही गोष्टी आखूड केसांच्या कुत्र्यातही असतातच. म्हणून निर्णयापूर्वी सासूबाईंनी अशा कुत्र्याच्या घरी तीन-चार वेळा तास-दोन तास बसून पाहावे आणि आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

या जातीचे दात लवकर खराब होतात आणि हिरड्या सुजतात. रोज कुत्र्यांच्या पेस्टने दात घासावेत, माणसांची पेस्ट वापरू नये. भूल देण्याची वेळ आली तर हा साइटहाउंड, म्हणजे नजरेने शिकार हेरणाऱ्या सडपातळ कुत्र्यांच्या गटातला आहे, हे आधी सांगावे, कारण शरीरात चरबी कमी असल्यामुळे थायोपेंटोनसारख्या औषधाचा अंमल यांच्यात फार वेळ टिकतो.

आपल्या जिल्ह्यासाठी खास सांगतो. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, कांदा कच्चा असो वा शिजवलेला, रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. हंगामात घरोघरी द्राक्षांची पेटी जमिनीवर ठेवलेली असते आणि पाच किलोच्या जिवाला थोडीशी द्राक्षेही घातक ठरू शकतात. खाल्ल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. गोचिडांसाठी वर्षभर औषध चालू ठेवावे.

पिन्शरवाला, पंचवटी

पिन्शरचे वजन 4 ते 6 किलो असते आणि बांधा थोडा भरीव, पण तोही उंचावरून उडी मारतो आणि पाय मोडून घेतो. शिवाय तो प्रत्येक पावलाच्या आवाजाला भुंकतो. खालच्या मजल्यावर कोण राहते, याचाही विचार करा.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना त्रास होतो का, ते आधी पाहू. इंदिरानगरच्या ताई, पिल्लाऐवजी दोन वर्षांचा मोठा कुत्रा मिळाला तर चालेल का?

इंदिरानगरची आई

तुमच्या घरासाठी मला तेच अधिक योग्य वाटते. हाडे भरलेली असतात, स्वभाव कळतो आणि सासूबाईंच्या दम्याची परीक्षाही त्याच कुत्र्यासोबत घेता येते. पिल्लूच घेणार असाल, तर कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, हे लक्षात ठेवा. ब्रीडरची नोंदणी पाहा, आई समोर दाखवायला सांगा आणि पिल्लाच्या आई-वडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाचा पाय मोडला होता का, ते स्पष्ट विचारा. रविवारी सकाळी सासूबाईंना घेऊन आमच्याकडे या. ती खिडकीतल्या उन्हात झोपलेली असेल. चपला बाहेर काढा आणि आधी जमिनीवर बसा.