मदत हवी आहे : ग्लूटेन फ्री कडक भाकरीची तपासणी कुठे होते?

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला, वय सात, सिलिअॅक आजार आहे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते. गहू, जव पूर्ण बंद. सोलापुरात राहतो म्हणून ज्वारीचा मोठा आधार आहे, मंगळवेढ्याची ज्वारी घरात कायम असते. ज्वारीत ग्लूटेन नसतंच. भीती गिरणीची आहे. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की जात्यात पीठ राहतं, आणि आमचं दळण त्यातूनच येतं.

आता बाजारात कडक भाकरीच्या पाकिटांवर 'ग्लूटेन फ्री' छापलेलं दिसतं. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे असं लिहायचं तर ग्लूटेन किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत हवं. पण पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक म्हणजे काही ग्लूटेन तपासल्याचा दाखला नव्हे. एका विक्रेत्याकडे तपासणी अहवाल मागितला, तर "ताई, ज्वारीच आहे हो" एवढंच उत्तर मिळालं. पोराच्या आतड्याचा प्रश्न आहे, असं चालणार नाही.

सोलापूर किंवा पुण्यात ग्लूटेन तपासणारी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा कुणाला माहीत आहे का? नमुना किती लागतो, खर्च किती? अन्न व औषध प्रशासनाकडे लेबलबद्दल तक्रार केलेल्यांनीही अनुभव सांगा. आणि फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शहरात असेल तर पत्ता नक्की द्या.