मदत हवी आहे: जुनं नागपूर पायी दाखवायचं, रस्ता कसा आखू?

पुढच्या रविवारी पुण्याहून काका-काकू येताहेत. काका अडुसष्ट वर्षांचे, गुडघे दुखतात, पण जुने वाडे-देवळं म्हटली की ऐकत नाहीत. झिरो माइल आणि 1863 चं अजब बंगला संग्रहालय त्यांचं पाहून झालंय, सीताबर्डीचा किल्ला एरवी बंद असतो. त्यामुळे ते सुचवू नका. आम्हाला महाल-इतवारी या जुन्या वस्त्याच फिरायच्या आहेत.

गेल्या रविवारी मी एकटा चाचणी घेऊन आलो. मेट्रोने चितारओळी स्टेशनला उतरलो. गाडी आणायची नाही, हे बडकस चौकातली गर्दी पाहून तिथेच ठरवलं. चितारओळीत एका कारागिराच्या दारात गणपतीचे हात-सोंडा वेगवेगळ्या वाळत ठेवलेल्या, त्या बघत अर्धा तास गेला! पुढे रुक्मिणी मंदिर, कल्याणेश्वर, गांधी गेट (जुना जुम्मा दरवाजा). शुक्रवारी तलावापर्यंत पोचेस्तोवर ऊन चढलं, पाय गेले. काकांना हे एवढं जमणार नाही.

आमच्याकडे सकाळी सात ते साडेनऊ एवढाच वेळ आहे. मध्ये बसून तर्री पोहे खायचे आहेत, म्हणजे उभ्याने खायचा ठेला नको. ई-रिक्षा चालेल.

तर महालात राहणाऱ्यांनो, यातलं काय गाळू आणि सुरुवात कुठून करू? आणि एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात, आधी विचारून, आत डोकावू देतात का? कुणाला विचारायचं?