फॉस्फेट ओढणारे दाणे : अख्खं पाकीट एकदम घालू का?

खारंपाणी_ठाणे
नमस्कार मंडळी. २०० लिटरचा मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक आहे. क्लाउनफिशची जोडी, एक मोठं लेदर कोरल, थोडे झोअँथिड (गुच्छाने वाढणारे छोटे प्रवाळ). फॉस्फेट ०.४ पीपीएम येतंय, काच पुसली की दोन दिवसांत शेवाळाने परत हिरवी. दुकानदाराने तपकिरी दाण्यांचं पाकीट दिलंय, म्हणाला सगळं घाल. घालू का?

प्रवाळप्रेमी
कृपा करून घालू नका! ते दाणे फेरिक ऑक्साइडचे, म्हणजे जीएफओ. फॉस्फेट फार झपाट्याने ओढतात, आणि भीती त्याचीच आहे. ०.४ ला रुळलेलं कोरल एका रात्रीत शून्याजवळ आणलंत तर त्याला ते सोसत नाही. आधी पाकिटावरच्या मात्रेचा पाव भागच घ्या. दोन-तीन दिवसांनी फॉस्फेट मोजा, सोबत केएचही (पाण्याची क्षारता), कारण जीएफओने तोही थोडा उतरतो. ०.१ च्या खाली आलं की पुरे. शून्य गाठायचं नाही. तिथे डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट तपकिरी थर धरणारे सूक्ष्मजीव) येतात आणि ते शेवाळापेक्षा कितीतरी चिवट.

दाणे आरओच्या पाण्यात धुवा, पण चोळू नका, फुटून भुकटी होते. पहिलं पाणी गेरूसारखं लाल येईल. नितळ येईपर्यंत धूत राहा.

आकडा उतरून परत चढला तर दाण्यांना दोष देऊ नका. खडकात मुरलेलं फॉस्फेट बाहेर येत असतं.

आणि फ्रोजन खाणं वितळल्यावरचं पाणी टँकमध्ये ओतता का? गाळून फेका. येणारं फॉस्फेट थांबवलं नाही तर पाकिटं आणतच राहाल.

रीफवाला_नाशिक
सहमत. भर एवढीच, की दुकानात पांढरे गोळेही मिळतात, अॅल्युमिनियम ऑक्साइडचे. तुमच्याकडे लेदर आहे, ते घेऊ नका. त्याने लेदर मिटून बसल्याचं बऱ्याच जणांनी पाहिलंय.

खारंपाणी_ठाणे
दोघांचेही आभार. खाण्याचं पाणी सरळ ओततो, ते आजपासून बंद. माझ्याकडे रिअॅक्टर (दाण्यांतून पाणी फिरवणारी नळी) नाही, हँगऑन फिल्टर (टँकच्या काठाला अडकवायचा) आहे. चालेल?

प्रवाळप्रेमी
चालेल. बारीक जाळीच्या पिशवीत सैलसर भरा आणि स्पंजनंतर, पाणी आरपार जाईल अशी ठेवा. एक-दोन दिवसांआड पिशवी हलवा, नाहीतर दाणे चिकटून ढेकूळ होतं आणि पाणी बाजूने निघून जातं. पुढे रिअॅक्टर घेतलात तर वरचे दाणे जेमतेम हलतील एवढाच प्रवाह ठेवा. लेदर नीट उघडतंय ना, ते रोज बघा. मिटलं तर पिशवी काढून आधी इथे लिहा.