पाझर तलावात किती पाणी उरलंय ते सॅटेलाइटवरून कळतं का? (ता. जत)

जत_पूर्वभाग:
नमस्कार मंडळी, आमच्या गावाला दोन पाझर तलाव आणि ओढ्यावर काही सिमेंट बंधारे आहेत. दरवर्षी ग्रामसभेत तोच वाद, तलाव कधी आटला, टँकरचा प्रस्ताव कधी द्यायचा, आणि कुणाकडंच काय लिहून ठेवलेलं नसतं. सॅटेलाइटचे फोटो फुकट मिळतात म्हणे, त्यावर एवढे लहान तलाव दिसतात का? मागच्या वर्षांचंपण काढता येईल का?

माणदेश_नकाशे:
दिसतात की. कोपर्निकस ब्राउझर ही युरोपच्या उपग्रहांचे फोटो फुकट दाखवणारी वेबसाइट उघडा, सेंटिनेल-2 हा उपग्रह निवडा आणि एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी वेगळं उठून दाखवणारा लेयर लावा. साधारण पाच दिवसाला एक फोटो मिळतो आणि एक पिक्सेल, म्हणजे फोटोतला एक ठिपका, 10 बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, त्यामुळं पाच एकराचा तलाव असला तर 200 पिक्सेल येतात, भरपूर झाले. बंधाऱ्याचं पाणी मात्र ओढ्यात चिंचोळं पसरतं, तिथं काठाचे पिक्सेल अर्धे पाणी अर्धी माती असे येतात, त्यावर विश्वास ठेवू नका. 2003 चा दुष्काळ बघायचा असला तर लँडसॅट हे अमेरिकेचे जुने उपग्रह, पण त्याच्या एका पिक्सेलात नऊ गुंठे बसतात. पावसाळ्यात ढग असतात तेव्हा सेंटिनेल-1 या उपग्रहाचं ढगातनं बघणारं रडार बघायचं, त्यात शांत पाणी काळं दिसतं, वारा असला की फसवतं.

खटाव_पाणलोट:
दादांनी सांगितलं ते बरोबर पण त्यातनं फक्त पाण्याचा पसारा कळतो, साठा नाही, आणि ग्रामसभेत भांडण साठ्याचं असतं. एक हेक्टर पसारा आणि सरासरी मीटरभर खोली असली तर 10 टीसीएम (हजार घनमीटर), म्हणजे एक कोटी लिटर. तोच तलाव गाळानं भरून खोली अर्धा मीटर राहिली तर पाणी निम्मं, आणि वरून फोटो तसाच! शेजारच्या गावाच्या तलावाचं गणित आपल्याला लावायचं नाही, प्रत्येकाचा तळ वेगळा.

जत_पूर्वभाग:
मग खोली कशी काढायची? सर्व्हेला पैसे नाहीत ओ ग्रामपंचायतीकडं.

खटाव_पाणलोट:
गरज नाही. तलावात मोजपट्टी बसवा आणि उपग्रह ज्या दिवशी येतो त्या दिवशी सकाळी अकराच्या आसपास कुणीतरी जाऊन पट्टी वाचून वहीत लिहायचं. समजा पसारा दोन हेक्टरवरनं दीड झाला आणि पट्टीवर पाणी अर्धा मीटर उतरलं, तर सरासरी पावणेदोन हेक्टर गुणिले अर्धा मीटर, म्हणजे 8,750 घनमीटर पाणी तेवढ्यात गेलं. ऑक्टोबरपासनं तलाव आटेपर्यंत असं लिहीत गेलात की किती पसाऱ्याला किती साठा असा तुमच्या तलावाचा पूर्ण तक्ता हातात येतो, पुढच्या वर्षी नुसत्या फोटोवरनं साठा सांगाल. गाळ काढला की मात्र तक्ता नव्यानं करायचा. मागच्या वर्षांना पण तोच तक्ता लावता येतो, मधी गाळ काढला नसला तर.

जत_पूर्वभाग:
लय भारी. आमचा पाणलोटचा पोरगा हे करेल. पट्टी सांडव्याजवळ रंगवली तर चालेल का?

माणदेश_नकाशे:
सांडव्याजवळ नको, तिथं पाणी आधी सरतं आणि पट्टी डिसेंबरातच कोरडी पडायची. भरावाच्या आतल्या बाजूला सगळ्यात खोल जागेपासून वरपर्यंत टप्प्याटप्प्यानं सिमेंटचे खांब रोवा, प्रत्येकावर पुढचे आकडे, आणि सांडव्याची पातळी कुठल्या आकड्याला येते ते नळीतल्या पाण्यानं लेव्हल करून घ्या.